थकलेल्या माणसाचा हक

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर सहा बाटल्या होत्या. कलौंजीचे तेल, मध, अश्वगंधाचे चूर्ण, गुलाबाचा अर्क, खमीरा गावजबानची अर्धी संपलेली बरणी आणि ओळखीच्या एका हाजीसाहेबांनी आणून दिलेले जमजमचे पाणी. तीन-साडेतीन वर्षांत त्या एकेक करून जमल्या. प्रत्येक बाटलीमागे एक तक्रार होती आणि तक्रार करणारी व्यक्ती नेहमी एकच होती, आमच्या मुलांची अम्मी. जिना चढताना धाप लागते. छातीत धडधडते. रात्री झोप येत नाही आणि पहाटे उठवत नाही. भीती वाटते, पण कशाची ते सांगता येत नाही. दर वेळी आम्ही बाजारातून काहीतरी आणले आणि सोबत एक वाक्यही दिले : सब्र कर, अल्लाहवर भरोसा ठेव, जिक्र वाढव.

‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणा मिरवण्यासाठी नाही. उर्दू शाळेत शिकवणाऱ्याच्या जिभेवर ‘हम’ बसलेला असतो, तो मराठीत लिहितानाही उतरतो. शिवाय या कसुरात आम्ही एकटे नव्हतो. अम्मी, भाऊ, भावजय, शेजारच्या खाला, सगळ्यांनी आपापली बाटली सुचवली होती.

एका पहाटे पाणी भरताना ती नळाशेजारी बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. बाईमाणसाचे ते १२ च्या वर असायला हवे आणि ८ च्या खाली गेले की पंडुरोग तीव्र मानतात, हे तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी सांगितले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोपता कधी? उठता कधी? जेवता कुणाबरोबर? चहा किती वेळा? आम्ही भराभर उत्तरे देऊ लागलो. चौथ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, “सर, त्यांना बोलू द्या.”

तिने सांगितले तेव्हा कळले की ती सगळ्यांचे झाल्यावर जेवते, त्यामुळे भाजी बहुधा संपलेली असते, आणि चपाती चहात बुडवून खाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. धडधड, धाप आणि अस्वस्थपणा ही रक्त कमी असल्याचीही लक्षणे असतात. कमी रक्तात सगळीकडे प्राणवायू पोचवायचा तर हृदयाला घाईने चालावे लागते. ती घाई छातीत जाणवते आणि मन तिला भीती समजते. लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर तासभर चहा नाही, पानात लिंबाची फोड, आणि झोप. एवढेच लिहून दिले होते.

इथे आणखी एक कबुली द्यायला हवी. आमच्या शाळेत सहावीपासूनच्या मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती वाटणारे आणि वहीत नोंदवणारे आम्हीच. पालक शंका घेतात तेव्हा त्यांना समजावणारेही आम्हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ पंडुरोगी निघाल्या, हा आकडा आम्ही पालकसभेत फळ्यावर लिहिला होता. त्या सत्तावन्नांतली एक आमच्या घरात भाकरी भाजत होती.

का दिसले नाही? या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार केला. अज्ञान म्हणावे तर आकडा पाठ होता. प्रेम नव्हते असेही नाही, सहा बाटल्यांना पैसे पडले होते. खरे कारण वेगळे होते, आणि ते सांगताना जीभ अडखळते. तिच्या बेचैनीला आम्ही मनातून ईमानची कमजोरी समजत होतो. जी बाई पाच वेळा नमाज पढते तिला भीती कशी वाटते, असा तो न बोललेला प्रश्न होता. आपल्या समाजात तो पुष्कळांच्या मनात असतो. ताप आला तर कुणी नमाजची चौकशी करत नाही. झोप उडाली की लगेच करतात.

पण ज्या किताबचा आधार घेऊन आपण हे बोलतो तिथे काय आहे? यूसुफ (अ.) यांच्या विरहात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले, आणि ते पैगंबर होते. प्रसवाच्या वेदनेत खजुराच्या झाडाशी एकट्या असलेल्या हजरत मरियम (अ.) यांच्या तोंडून मरणाची इच्छा निघाली. त्यांना कुणी दटावले नाही. पायापाशी पाणी वाहू लागले, झाडावरून ताजे खजूर पडले, आणि त्या दिवशी लोकांशी बोलण्यातूनही सूट मिळाली. पाणी, अन्न आणि लोकांना उत्तरे देण्यापासून सुटका. आम्ही हे आयुष्यभर वाचत आलो आणि आमच्या घरातल्या बाईला यातले तिसरे तर कधीच दिले नाही. हदीसमध्ये एक दुआ आहे, तिच्यात चिंता आणि दुःख यांच्यापासून पनाह मागितली आहे. त्याच दुआत पुढे कर्जाचे ओझे आणि माणसांची जबरदस्ती यांचीही नावे आहेत. चिंता म्हणजे कच्चा ईमान असता, तर ती या रांगेत आली नसती.

आता ‘कुदरती इलाज’ या शब्दाकडे वळू. आजकाल हा शब्द बाटलीवर छापून येतो. आमच्या लहानपणी, इथे सोलापुरात, मोहल्ल्यातले एक वृद्ध हकीमसाहेब नब्ज पाहताना आधी भलतेच प्रश्न विचारत. खिडकी कुठे आहे, दुपारी पडता की नाही, घरात भांडण झाले का. लहानपणी आम्हाला ती फुकटची चौकशी वाटे. पुढे कळले की ते त्यांच्या शास्त्राचे पहिले पान होते. युनानी तिब्बमध्ये सहा गोष्टींना ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणतात, म्हणजे जगण्याला अटळ अशी सहा कारणे. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, शरीरातून जे जायला हवे ते जाणे आणि राहायला हवे ते राहणे. या सहांचा तोल बिघडला की आजार, तोल सावरला की निम्मा इलाज. औषधी वनस्पती त्यानंतर. या यादीत मनाच्या विश्रांतीला शरीराच्या विश्रांतीइतकीच जागा आहे, हे नजरेआड करू नये.

अकराशे वर्षांपूर्वी बल्ख शहराजवळ जन्मलेल्या अबू जैद अल-बल्खी (८५०-९३४) यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला, शरीरे आणि मने यांच्या हिताविषयी. त्यांची तक्रार अशी की वैद्य शरीराकडे पाहतात आणि मनाला विसरतात. भीती, राग, दुःख आणि वसवसे या चार त्रासांवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते, दुसऱ्याचे नसते. दुसऱ्याचे मूळ शरीरात, रक्तात शोधा, असे त्यांचे म्हणणे. वसवशांनी पछाडलेल्या माणसाला एकटे सोडू नये, असेही ते सांगतात. डॉक्टर मॅडमनी लिहून दिलेला कागद आणि बल्खींचे हे म्हणणे आम्ही मनात शेजारी ठेवले, तेव्हा कान गरम झाले. कारण न कळणारी भीती, आणि मूळ रक्तात. घरातल्या कुणाही वडीलधाऱ्याला सुचावे इतके ते साधे होते.

वनस्पतींना आम्ही नाकारत नाही. असरोलची गोष्ट पाहा. मराठीत हिला सर्पगंधा म्हणतात. हकीम आणि वैद्य दोघेही वेडावर आणि झोप उडाल्यावर तिची मुळी देत आले. हकीम अजमल खान (१८६८-१९२७) यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ च्या सुमारास या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन निघाले, आणि काही वर्षे ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरले गेले. मात्र ते घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेल्याचे डॉक्टरांना दिसले, आणि नंतर दुसरी औषधे आल्यावर ते मागे पडले. जी मुळी शांत करते तीच जास्त झाली तर माणसाला विझवूनही टाकते. अश्वगंधाने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत, आणि आमच्या फळीवर तिची बाटली होती, डॉक्टरला न विचारता आणलेली. ‘कुदरती आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य आम्ही घरात किती सहज बोललो! धोतराही कुदरतीच आहे.

दुआ आणि दवा यांचा झगडा लावणाऱ्यांशी आमचे पटत नाही. ऊंट बांधू की अल्लाहवर सोपवू, असे विचारणाऱ्याला आधी बांध आणि मग सोपव, असे सांगितले गेले. ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही येते. जिक्राने शांती मिळते, हे आम्ही स्वतः अनुभवतो. श्वास सावकाश सोडत राहिले की हृदयाची गती खाली येते, हे डॉक्टरही सांगतात. पण जिक्र इलाजाच्या जागी बसवला की काय होते, याची एक तारीख आहे. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. ऊंट बांधायला सांगितले होते, आपण माणसे बांधली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली. आपल्याकडून पुष्कळ लोक गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्ग्यावर जातात. तिथे एरवाडीनंतरच्या काही वर्षांत दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञांची सोय झाली आणि उपक्रमाला ‘दवा और दुआ’ म्हटले गेले. मुजावरच रुग्णांना डॉक्टरकडे पाठवू लागले. आम्हाला ही वाट समंजस वाटते. ज्याला तेवढे दूर जायचे नाही त्याने १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक जवळ ठेवावा. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तिथे मराठीतही बोलता येते.

एवढे सगळे वाचून, विचारून झाले तरी आमचा मूळ प्रश्न तिथेच होता. सहा अटळ गोष्टींत झोप आहे, हवा आहे, विश्रांती आहे. यातली एकही बाटलीत मिळत नाही. मग ती मिळते कुठून?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या वर्गातल्या एका मुलीने दिले, तिला ते ठाऊक नसेल. सातवीतली मुलगी. तिसऱ्या तासाला डुलक्या घ्यायची. आम्ही तिला दोनदा मागे उभे केले. आळस ही वाईट सवय आहे, यावर पाच मिनिटे बोललोही. एके दिवशी तिची अम्मी भेटायला आली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना हात पाहून ओळखता येते, तशीच हीही. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायच्या, हजारांच्या हिशोबाने पैसे. मुलगी रात्री तेंदूची पाने कातरून द्यायची आणि मध्यरात्री पाण्याची पाळी आली की घागरी लावायची, कारण अम्मीची कंबर धरली होती. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येणे ही गोष्ट कित्येक वर्षे कुणी पाहिलेली नाही. ते आले की घरातल्या बाईने उठायचे, मग रात्रीचे कितीही वाजोत. ती बाई आम्हाला विचारत होती, “सर, इसको नींद बहोत आती, कुछ ताकत का बताओ.” आमच्या तोंडात ‘खजूर’ हा शब्द आला होता. खजूर चांगलेच असतात. पण त्या मुलीला खजूर नको होते, झोप हवी होती. आणि तिची झोप तिच्या हातात नव्हती. ती अम्मीच्या मजुरीत अडकली होती, भावाच्या अंथरुणात अडकली होती. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा भाऊ पाणी येते तेव्हा झोपलेला असे. ती थोडी आमच्या मागच्या भिंतीशीही अडकली होती.

हे एकदा कळल्यावर बऱ्याच जुन्या गोष्टी नव्याने वाचता आल्या. तलबीनाची हदीस घ्या. जवाच्या पिठाची पातळ खीर दुःखी मनाला आराम देते, म्हणून आता तयार पुडेही मिळतात. पण हदीसमध्ये प्रसंग काय आहे? घरात मौत झाली, बायका जमल्या आणि पांगल्या, जवळच्या तेवढ्या उरल्या, तेव्हा हजरत आयशा (र.) तलबीना शिजवायला सांगत आणि त्या बायकांना खाऊ घालत. दुःखात बुडालेल्या बाईने उठून आपल्यासाठी पीठ भाजावे, असे तिथे नाही. ती दुसऱ्याने शिजवायची आहे. जवात गुण असतीलच, पण निम्मा गुण आणून देणाऱ्या हातात असावा, असे आम्हाला वाटते.

हजरत सलमान फारसी (र.) आणि हजरत अबू दर्दा (र.) यांचा किस्सा सर्वांना माहीत आहे. अबू दर्दा दिवसा रोजा धरत आणि रात्रभर नमाजात उभे राहत. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी यजमानाला आपल्याबरोबर जेवायला बसवले, रात्री दोनदा झोपवले, आणि पहाटे दोघे मिळून नमाजला उभे राहिले. रबचा हक आहे, तसा स्वतःच्या जीवाचा आहे आणि घरच्यांचाही आहे, असे त्यांनी समजावले. पैगंबर (स.) यांनी सलमान यांचे बरोबर ठरवले. वाज करणारे या किश्श्याचा शेवट सांगतात. आम्हाला सुरुवात महत्त्वाची वाटते. सलमान यांना शंका कशावरून आली? त्यांनी उम्मे दर्दा यांचे मळके, साधे कपडे पाहिले आणि विचारले, हे काय? पाहुणा आला आणि त्याने घरातल्या बाईकडे पाहून घराची तब्येत ओळखली. आमच्याकडे साडेतीन वर्षांत किती पाहुणे आले, बिर्याणी खाऊन गेले!

झोपेला तिथे ‘हक’ म्हटले आहे. हक असेल तर तो कुणीतरी द्यावा लागतो, आणि दिला नाही तर कुणीतरी दाबलेला असतो. सब्र ही ज्याच्यावर गुदरते त्याची इबादत आहे. ज्याने ओझे ठेवले त्याने सब्र सांगणे म्हणजे सावकाराने कर्जदाराला कनाअतवर वाज ऐकवण्यासारखे आहे. आम्ही तेच करत होतो, तेही मऊ आवाजात, मधाच्या बाटलीसकट.

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, “अहो सर, मग पुरुष थकत नाहीत काय? निवडणुकीचे काम आपण करतो, पोषण आहाराच्या नोंदी आपण करतो, वर परीक्षा.” थकतात. आम्हीही थकतो. फरक इतकाच की आम्ही घरी येऊन ‘थकलो’ म्हणतो तेव्हा पाण्याचा तांब्या येतो. आणि हा हिशोब एका घरातही संपत नाही. नळाला पाणी दुपारी सोडले तर किती बायकांची धडधड कमी होईल, हे कुठल्याही दवाखान्यात मोजत नाहीत. विडीच्या हजारीला दोन पैसे जास्त मिळाले तर किती मुली तिसऱ्या तासाला जाग्या राहतील, हेही कुणी मोजत नाही. तिथे आमचा हात पोचत नाही. अर्ज लिहून देतो, पालिकेत जाऊन येतो, इतकेच. त्या मुलीला मागे उभे करणे मात्र थांबवले. तिच्या भावाला बोलावून घेतले. तो आठवड्यातून दोन पाळ्या घेतो म्हणाला. दोनच. आम्ही दोनांवर मान्य केले.

घरी काय झाले ते सांगायला हवे, नाहीतर हे सगळे वाजच होईल. गोळ्या सहा महिने घेतल्या. सगळ्यांनी एका दस्तरख्वानवर जेवायचे ठरले. पहिले काही दिवस अम्मींना ते आवडले नाही, मग त्यांनीच सुनेच्या पानात पालेभाजी वाढायला सुरुवात केली. असरनंतर ती शेजारच्या खालांबरोबर मैदानाला दोन फेऱ्या मारून येते. रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक आम्ही दोघे भाऊ आलटून पालटून करतो. भाकरी जमत नाही, पाव आणतो, आणि त्यावर मुले हसतात. हिमोग्लोबिन ११.६ झाले. धाप गेली, धडधडही बरीच गेली. भीती पूर्ण गेली नाही. काही संध्याकाळी ती येते, आणि तेव्हा ती सांगते की आली आहे. आम्ही वाक्य देत नाही, शेजारी बसतो. त्यासाठीही एका डॉक्टरांकडे जाणे चालू आहे, ते चालू राहील. बाटल्यांपैकी मध संपला, जमजम आहे, बाकीच्या खालांनी नेल्या.

पाण्याची पाळी आता आमची. रात्री पावणेतीनला गजर होतो, आम्ही उठून मोटर लावतो, बादल्या भरतो, टाकी भरतो. तिला झोपून राहायचे असते. पण पंधरा वर्षांची सवय आहे, तिला जाग येतेच. अंधारात पडल्या पडल्या ती पाण्याचा आवाज ऐकत असते. आम्ही हात पुसून खोलीत शिरतो तेव्हा अंथरुणातून आवाज येतो, “टाकी का ढक्कन लगाए क्या?”

आम्ही परत जातो.